एका मांजरीचे पूर्वायुष्य

कथेतील नायकाचे एक बरे असते. त्याचे कुलशील, त्याचे जन्मस्थान, त्याच्या आईबापांची पुण्याई हे सारे आपल्याला आरंभीच सांगितले जाते आणि मग तो संकटात पडतो. खलपात्राच्या वाट्याला हा मान क्वचितच येतो. शूर्पणखा अरण्यातून एकाएकी पुढे येते, नाक-कान गमावून बसते आणि आपण पान उलटतो. तिचा नवरा विद्युज्जिह्व हा तिच्या भावाच्याच, म्हणजे रावणाच्याच हातून मारला गेला होता आणि त्या दुःखानंतर तिची पाठवणी दंडकारण्यात झाली होती, ही हकीकत उत्तरकांडात आहे. पण उत्तरकांडापर्यंत किती जण जातात? निकाल आधी लागतो, साक्षीपुरावा मागाहून येतो, आणि तोही कोणी मागितला तर.

गेले काही महिने मी एका खलनायिकेच्या पूर्वायुष्याच्या नादी लागले आहे. ती पुराणातील नव्हे, अमेरिकेतील आहे. ग्रंथातील नव्हे, चित्रकथेतील आहे. तिचे नाव कॅटवुमन. शिक्षिकेने असल्या विषयावर वार्षिकांकात लिहावे का, असा प्रश्न आमच्या संपादक मंडळातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी अगदी सौम्यपणे विचारला. मी त्यांना इतकेच म्हटले की लेख वाचून पाहा आणि नाही आवडला तर त्या जागी सुभाषिते छापा.

ज्या घरांत ही पुस्तके येत नाहीत त्यांच्यासाठी थोडे आधी सांगावयास हवे. १९३९ साली अमेरिकेतील ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ या नियतकालिकात बॅटमन हा वीर अवतरला. गॉथम नावाच्या काल्पनिक महानगरातील हा एक धनाढ्य तरुण. लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत एका लुटारूने त्याच्या आईवडिलांचा खून केला. त्या रात्रीपासून गुन्हेगारीशी वैर हेच त्याचे व्रत झाले. रात्री वटवाघळाचा वेष धारण करून तो चोर-दरोडेखोरांच्या पाठीस लागतो. म्हणजे पाहा, नायकाचे पूर्वायुष्य पुन्हा पहिल्या वर्षातच सांगून झाले! १९४० च्या वसंतात ‘बॅटमन’ या नावाचे स्वतंत्र पुस्तक निघाले आणि त्याच्या पहिल्याच अंकात एक चोरटी आली. तिला तेव्हा नावसुद्धा नव्हते. लोक तिला नुसते ‘द कॅट’ म्हणत. चित्रे बॉब केन यांची, लेखन बिल फिंगर यांचे.

ती पहिली कथा मोठी गमतीची आहे. एका श्रीमंती थाटाच्या नौकेवर मेजवानी चालली आहे आणि तेथे एक किंमती हार चोरीस जातो. प्रवाशांत एक म्हातारी आहे. तिचा पाय मुरगळलेला, घोट्याला पट्टी बांधलेली. आग लागल्याची हाकाटी होते आणि ही लंगडी म्हातारी हरिणीसारखी धावत सुटते. बॅटमनला संशय येतो, तो तिला धरतो; सोंग उतरते, आणि आतून एक तरुण स्त्री बाहेर पडते. हार पट्टीच्या आत! इथपर्यंत ही कोणत्याही पोलिसी गोष्टीसारखी गोष्ट आहे. पुढे मात्र काही निराळेच घडते. तिला होडीतून किनाऱ्याकडे नेत असता ती पाण्यात उडी घेते. बॅटमनचा बालसाथी रॉबिन तिच्या मागे झेपावणार, तोच बॅटमन त्याला धडकतो. चुकून धडकतो, असे तो म्हणतो. रॉबिनला ते पटत नाही, आणि वाचकालाही नाही. चोरटी पोहत निघून जाते आणि गॉथमचा तो कठोर व्रतस्थ तिच्या वाटेकडे पाहत राहतो.

माझ्या मते या पात्राचे सारे आकर्षण त्या एका धक्क्यात आहे. पुढील ऐंशीहून अधिक वर्षांत तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्याच वर्षी तिने मांजराचा मुखवटा घेतला, मग जांभळा पोशाख आला, चाबूक आला, मोटारगाड्या आल्या. पण मूळ गोष्ट ती एकच. ज्याने कोणालाही सोडायचे नाही असा पण केला आहे, त्याने हिला सोडले. का सोडले, हे त्या कथेत पुरतेपणी सांगितलेले नाही. तिचे दुःख तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते, तिला आईबाप आहेत की नाहीत हेही ठाऊक नव्हते. दया आधी आली, कारण मागाहून शोधण्यात आले. त्यामुळे तिचे पूर्वायुष्य एकदा नव्हे, पाच-सहा वेळा लिहावे लागले, आणि प्रत्येक पिढीने ते आपापल्या परीने लिहिले.

आपल्याकडे मांजराची कीर्ती काही चांगली नाही. डोळे मिटून दूध पिणारे ते मांजर. महाभारतातील उद्योगपर्वात तप करणाऱ्या ढोंगी मार्जाराची गोष्ट आहे. दुर्योधन ती उलूकाकरवी युधिष्ठिराला ऐकवतो. हितोपदेशात दीर्घकर्ण नावाचा बोका धर्माच्या गोष्टी सांगून म्हाताऱ्या गिधाडाला फसवतो आणि पक्ष्यांची पिल्ले खातो. महाबलीपुरमच्या प्रचंड शिळेवर कोरलेला, एका पायावर उभा असलेला तपस्वी बोका पुष्कळांनी पाहिला असेल. आपल्या पूर्वजांना मांजरात दिसला तो दंभ. कॅटवुमन चोर आहे, पण तिच्या अंगी दंभ नाही. पहिल्या कथेत म्हातारीचे सोंग तिने घेतले होते खरे. त्यानंतर ती साळसूदपणाचा आव फारसा आणत नाही. मी मांजर आहे, दूध दिसले तर पिणार, डोळेही मिटणार नाही, अशी तिची वागण्याची तऱ्हा. मुलांना ही गोष्ट मोठ्यांच्या आधी कळते, असे मला दिसून आले आहे.

येथे लेखकाविषयी एक शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. बॅटमनच्या प्रत्येक पुस्तकावर वर्षानुवर्षे एकट्या बॉब केन यांचेच नाव निर्माता म्हणून छापले जाई. बिल फिंगर यांनी त्या जगाचा केवढा तरी भाग रचला होता. पण त्यांचे नाव त्या ओळीत नसे. १९७४ साली ते वारले. २०१५ साली, म्हणजे मरणानंतर एकेचाळीस वर्षांनी, त्यांच्या नावाला त्या ओळीत अधिकृत जागा मिळाली. चोरांच्या गोष्टी लिहिण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याचेच श्रेय असे दुसऱ्याच्या पेटीत जाऊन पडावे! असो.

पूर्वायुष्य म्हणून जे पहिले सांगण्यात आले ते १९५० सालच्या अखेरीस. बॅटमनचे प्राण वाचवताना तिच्या डोक्याला मार बसतो आणि तिला एकाएकी सारे आठवते. तिचे नाव सेलिना काइल. ती हवाई सुंदरी होती. विमान कोसळले, ती वाचली, पण स्मृती गेली. तिच्या वडिलांचे पाळीव प्राण्यांचे दुकान होते, त्यामुळे मांजरे तेवढी अंधुकशी ओळखीची वाटत राहिली आणि त्या ओळखीच्या आधारे ती मार्जारी झाली. म्हणजे इतकी वर्षे ज्या चोऱ्या झाल्या, त्या तिने केल्याच नव्हत्या म्हणावयाच्या. ते कोणी दुसरेच होते.

ही युक्ती वाचताना मला कालिदासाची आठवण झाली. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखतो आणि लोकांच्या भयाने ओळख नाकारतो. कालिदासाला असा नायक चालणारा नव्हता. त्याने दुर्वासाचा शाप मध्ये घातला, अंगठी पाण्यात पाडली आणि राजाच्या डोक्यावरील दोष विस्मृतीच्या डोक्यावर ठेवला. स्मृतिभ्रंश ही लेखकांची फार जुनी सोय आहे. कालिदासाच्या हाती तिचे काव्य झाले. १९५० सालच्या त्या कथेत मात्र ती सोय सोयच राहिली. सेलिना पश्चात्ताप पावते, सरळ मार्गाला लागते, आणि गोष्ट एकदम फिकी पडते. तिला पुन्हा चोर करताना लेखकांनी जे कारण दिले ते मात्र मला खरे वाटते. वर्तमानपत्रात तिच्या जुन्या पराभवांच्या हकीकती छापून येतात, लोक हसतात, आणि हे हसणे तिला सोसत नाही. सुधारलेल्या माणसाला लोक सुखाने सुधारू देत नाहीत, हे शिक्षकाच्या पेशात रोज पाहावयास मिळते.

मग १९५४ साल उजाडले. फ्रेडरिक वर्थॅम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने चित्रकथांमुळे मुले बिघडतात असे सांगणारा एक ग्रंथ लिहिला; कॅटवुमन दुष्ट आहे आणि चाबूक वापरते, याचाही त्यात उल्लेख होता. अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. प्रकाशक घाबरले आणि ऑक्टोबर महिन्यात त्यांनी स्वतःच स्वतःसाठी एक नियमावली तयार केली. तिच्यातील एका नियमाचा आशय असा की, गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटेल अशा रीतीने गुन्हा कधीही दाखवू नये. दुसरा नियम असा की, प्रत्येक गोष्टीत चांगल्याचा जय व्हावा आणि गुन्हेगाराला शिक्षा मिळावी. होडीतील तो धक्का या नियमांत कोठे बसावयाचा? सप्टेंबर १९५४ च्या अंकातील कथेनंतर कॅटवुमन पानांवरून नाहीशी झाली ती १९६६ पर्यंत. नियमावलीने जोकरला खपवून घेतले, कारण जोकरला पकडून आत टाकता येत होते. हिला मात्र पकडणाऱ्याचाच हात डळमळत होता.

ही सारी माहिती मला निवांतपणे मिळवावी लागली त्याला एक निमित्त घडले. आमच्या आठवीच्या वर्गातील एका मुलीला तिच्या मुंबईच्या मामाने बॅटमनच्या जुन्या-नव्या इंग्रजी कथांचा एक जाड संग्रह दिला होता. मोकळ्या तासाला तो वर्गात फिरला. कॅटवुमनवर मुलींमध्ये आणि मुलांमध्ये पुष्कळ वाद झाला आणि मी तो होऊ दिला. चार दिवसांनी त्या मुलीचे वडील शाळेत आले. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले ते पुस्तक त्यांनी माझ्या मेजावर ठेवले.

“बाई, राग मानू नका,” ते म्हणाले, “पण चोरी करणारी बाई, आणि तिचं असं कौतुक! मुलांना हे वाचू द्यावं का?”

“चोरी वाईट हे तुमच्या मुलीला चांगलं ठाऊक आहे,” मी म्हटले. “ती मला विचारीत होती, की माणूस चोर का होतो.”

“ते कळून काय करायचं? माझ्या दुकानात एक पोरगा होता. पहिल्यांदा सापडला तेव्हा रडला, घरची परिस्थिती सांगितली. मी सोडलं. दुसऱ्या खेपेला गल्लाच घेऊन गेला. तुमच्या त्या बॅटमनला दुकान चालवायचं नसतं.”

हे वाक्य मला फार दिवस पुरले. ते गृहस्थ अडाणी नव्हते, तापट नव्हते. आपल्या कष्टाच्या पैशाविषयी बोलत होते. १९५४ सालच्या त्या नियमाच्या मागेही असेच कोणी भले लोक असणार. वर्थॅमसुद्धा काही खलपुरुष नव्हता. १९४६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, एका चर्चच्या तळघरात, गरीब कृष्णवर्णीयांसाठी मानसोपचाराचे केंद्र त्याने चालू केले होते. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवण्याने मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याविषयी त्याने न्यायालयात साक्ष दिली होती. मुलांची कळकळ त्याला खरोखरच होती. त्या कळकळीपायी त्याने आपल्या ग्रंथातील मुलांच्या जबान्यांत फेरफार केले होते, हे कॅरल टिली या संशोधिकेने त्याची कागदपत्रे तपासून २०१२ साली दाखवून दिले. नियमावली त्याच्या आदल्याच वर्षी, २०११ साली, शेवटच्या प्रकाशकांनीही सोडून दिली होती.

तरीही दुकानदाराचा प्रश्न उरतोच. गुन्हेगाराचे पूर्वायुष्य कळल्याने गुन्हा लहान होतो का? मला वाटते, होत नाही. हार ज्याचा गेला त्याचा गेलाच. परंतु कळल्याने गुन्हेगार मोठा होतो. त्याला लांबी-रुंदी येते, तो नुसता नियम मोडणारा हात राहत नाही. आपल्या परंपरेला हे मुळीच परके नाही. ‘मृच्छकटिका’तील शर्विलक आठवावा. देवलांच्या नाटकामुळे तो मराठी प्रेक्षकांच्या घरचाच झाला आहे. हा ब्राह्मण रात्री चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो, आणि तेही एखाद्या कारागिराच्या अभिमानाने. जानव्याचा उपयोग मापाची दोरी म्हणून करतो! मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी त्याला पैसा हवा असतो. वसंतसेनेला सारे कळते, आणि ती त्याला मदनिका देऊन टाकते. हे नाटक आम्ही महाविद्यालयात गुण मिळवण्यासाठी वाचले, परीक्षकांनी त्यावर प्रश्न काढले आणि कोणाचेही वडील तक्रार घेऊन आले नाहीत. संस्कृतात असले की चोरीलाही सोवळे नेसवता येते.

ते पुस्तक परीक्षा होईपर्यंत माझ्यापाशी ठेवावे असे ठरले. दुकानदारांचीच ती सूचना. त्यामुळे ते मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावयास मिळाले आणि त्यात जे नव्हते ते इतरत्र शोधण्याची चटक लागली.

१९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेविषयी मी येथे फार लिहीत नाही; ती थट्टेखोर होती आणि तिने कॅटवुमनला घरोघर नेले. तिच्यातील तीन अभिनेत्रींपैकी एकीचा मात्र उल्लेख करते. (खरे म्हणजे मालिकेत दोघी, तिसरी त्याच वर्षीच्या चित्रपटात होती.) अर्था किट ही कृष्णवर्णीय गायिका १९६७ साली त्या भूमिकेत आली. दक्षिण कॅरोलिनातील गरिबीत जन्मलेली, आईपासून लहानपणीच दुरावलेली ही बाई. जानेवारी १९६८ मध्ये अध्यक्षांच्या पत्नीने व्हाइट हाउसमध्ये भोजनास बोलावले असता तरुण मुले का बिघडतात यावर चर्चा निघाली, तेव्हा किट उभी राहिली आणि व्हिएतनामच्या युद्धाविषयी तिने यजमानीणबाईंच्या तोंडावर स्पष्ट बोलून दाखवले. त्यानंतर तिला स्वदेशात काम मिळेनासे झाले; गुप्तहेर खात्याने तिची टाचणेही करून ठेवली होती, हे १९७५ साली उघडकीस आले. मुले का बिघडतात, या प्रश्नाचे उत्तर देण्याबद्दल शिक्षा झालेली ही एक कॅटवुमन होय.

१९८७ साली फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी बॅटमनच्या पहिल्या वर्षाची कथा नव्याने सांगितली. तीत सेलिना शहराच्या दरिद्री पूर्वभागात राहते. तिचे तेथील जिणे या अंकात सांगण्यासारखे नाही. एक तपशील मात्र मजेदार आहे: तिच्या धाडसांच्या बातम्या येतात तेव्हा लोक तिला बॅटमनची मदतनीस ठरवतात आणि ती संतापते. चोरी केली तीही स्वतःच्या नावावर नाही! १९९२ च्या चित्रपटात ती एका धनिकाची कारकून आहे. त्याचे काळे कारस्थान तिला कळते म्हणून तो तिला खिडकीतून खाली ढकलतो. गल्लीतील मांजरे तिच्याभोवती जमतात, ती उठते, घरी जाते आणि शिवणयंत्रावर जुन्या काळ्या कोटाचा पोशाख शिवते. टाके मुद्दाम दिसतील असे. मला तो चित्रपट एकंदरीत भडक वाटला, परंतु त्या शिवणयंत्रासाठी तो मी पुन्हा पाहीन.

१९९४ सालची कथा मात्र अशी सहज ओलांडून जाता येत नाही. तीत सेलिना एक अनाथ मुलगी आहे. आईने आत्महत्या केलेली, बाप दारूने गेलेला. मुलांच्या सुधारगृहात ती वाढते. तेरा वर्षांची असताना तिच्या ध्यानात येते की संस्थेची व्यवस्थापिकाच मुलांच्या नावाचा पैसा खाते आहे. ती तोंडावर बोलते. व्यवस्थापिका तिला पोत्यात घालून नदीत फेकून देते. नको असलेल्या मांजराला टाकावे तसे.

मी कारवारची. घरात आम्ही कोकणी बोलतो आणि मांजराला ‘माजर’ म्हणतो. आमच्या वाड्यात माजरीला पिल्ले फार झाली म्हणजे कोणीतरी ती गोणीत घालून काळी नदीच्या पुलापलीकडे, सदाशिवगडाच्या बाजूला, सोडून येई. नदी ओलांडली की माजराला वाट सापडत नाही, असा समज. मारले असे कोणी म्हणत नसे; सोडले म्हणत. गोणीचे तोंड सुतळीने बांधलेले असे आणि आतून येणारा आवाज सायकल वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ऐकू येई. त्या चित्रकथेतील पोते पाहिले तेव्हा मला चित्र दिसले नाही, तो आवाज ऐकू आला. सेलिना पोते फोडून बाहेर पडते, परत जाते, कागदपत्रे चोरते आणि त्यांच्या जोरावर व्यवस्थापिकेकडून शहराच्या दप्तरातील आपले नावच पुसून घेते. जाताना तिच्या गळ्यातला हिऱ्यांचा हारही नेते. वर्गात यावर मत घेतले असता बहुतेक मुलींनी कागदपत्रांच्या चोरीला माफी दिली. हारावर मात्र वर्ग दुभंगला. एक मुलगा म्हणाला, “बाई, हार नेला नसता तर ती कॅटवुमन झालीच नसती, समाजसेविका झाली असती.” त्या मुलाला गणितात कधी पस्तीसच्या वर गुण मिळालेले नाहीत.

आता जी कथा सांगावयाची आहे ती कालक्रमाने आधीची, १९८३ सालची. ॲलन ब्रेनर्ट यांनी लिहिलेली. मी ती शेवटी वाचली आणि माझ्या लेखी तीच शेवटची आहे. बॅटमनच्या लेखकांनी एक निराळे विश्व कल्पिले होते; त्यात तो आणि सेलिना म्हातारे होतात, त्यांचे लग्न झालेले असते, त्यांना मुलगी असते. ते लग्न कसे जमले, त्याची ही हकीकत. दोघे एका संकटात बरोबर सापडतात. ती त्याच्या जखमा बांधू लागते. त्या वेळी ती कबूल करते, की स्मृतिभ्रंशाची ती गोष्ट खोटी होती. विमान कोसळले नव्हते, काही विसरलेही नव्हते. तिचे एका श्रीमंत माणसाशी लग्न झाले होते. तो मारहाण करी. ती घर सोडून निघाली तेव्हा त्याने तिला काही मिळू दिले नाही. तिचे दागिने त्याच्या तिजोरीत राहिले. एका रात्री ती गेली, तिजोरी फोडली आणि आपले दागिने घेऊन आली. तिची पहिली चोरी ती हीच. ती तिला आवडली, आणि मग ती थांबली नाही, हेही ती लपवत नाही. हे ऐकून बॅटमन आपला मुखवटा काढतो.

पहिली चोरी स्वतःच्याच मालाची! एका अमेरिकी चित्रकथेत मला आपल्या घराघरांतले ‘स्त्रीधन’ असे अचानक भेटले. आपल्या स्मृतिकारांनी हा शब्द केव्हाचा सांगून ठेवला आहे. १९८५ साली प्रतिभा राणी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले, की स्त्रीधन सासरी ठेवले म्हणून ते सासरचे होत नाही, आणि ते परत न देणे हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. शास्त्र आहे, न्यायालय आहे. आणि तरीही पुष्कळ घरांतल्या कपाटांच्या किल्ल्या भलत्याच कनवटीला असतात.

माझ्या आत्याच्या पाटल्या आणि मोहनमाळ लग्नानंतर सहा महिन्यांच्या आत सासूबाईंनी ‘नीट राहतील’ म्हणून आपल्या कपाटात ठेवल्या. पुढे आत्या माहेरी परत आली ती नेसत्या लुगड्यानिशी. माझे आजोबा दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा त्यांना चहा मिळाला. तिसऱ्यांदा ते गेले नाहीत. आत्याने त्या दागिन्यांचे नाव पुन्हा काढले नाही. मात्र कोणाच्या लग्नाला निघाली की दोन्ही मनगटे पदराखाली घेण्याची तिला सवय लागली ती अजून आहे. आमच्या घरात तिच्या समजूतदारपणाची सगळे स्तुती करतात. मीही करीत आले आहे.

मागच्या सुट्टीत कारवारला गेले असता ही कथा मी तिला कोकणीत सांगितली. ती आदोळीवर नारळ खोवत बसली होती. विमानाची लबाडी तिला फार आवडली. मारहाणीच्या जागी ती काही बोलली नाही. तिजोरी फोडली म्हटल्यावर तिचा हात थांबला आणि मी पुढे काय ते सांगत राहिले: बॅटमनने मुखवटा काढला, लग्न झाले, मुलगी झाली. तिकडे तिचे फारसे लक्ष नव्हते. माझे सांगून झाले तेव्हा तिने वाटीतला चव सारखा केला आणि विचारले, “आनी कुलूप कशें उगडलें?”